लहान खोलीतील मोठा आवाज

१. एक नेहमीचा प्रश्न

तालमीच्या खोलीत बसून ऐकताना जे वादन भरदार, नेटके आणि स्वच्छ वाटते, तेच मोबाइलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, तर ढोलकीचे बोल ओळखू येत नाहीत, गायकाचे शब्द कुठल्या कुठे बुडालेले असतात आणि सर्वांवर एक फाटका, खरखरीत कलकलाट पसरलेला असतो. असे का व्हावे, आणि फारसा पैसा न खर्चता यावर काही तजवीज करता येईल काय, हा प्रश्न गावातल्या कोणत्याही वादकमंडळीत अर्धा तास बसले तरी कोणी ना कोणी विचारतोच.

झाडीपट्टीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला हा वनव्याप्त, धानाचा मुलूख. येथील रंगभूमी ही चार हौशी मंडळींची करमणूक नसून, दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगावी रात्र रात्र चालणारा एक मोठा व्यवहार आहे. सरकारी दप्तरात जिला देसाईगंज म्हणतात ती वडसा नगरी या व्यवहाराचे केंद्र. तेथील नाट्यसंस्थांकडे गावकरी यावयाचे, तारीख मुक्रर करावयाची, विसार द्यावयाचा, आणि ठरल्या रात्री शामियान्याखाली हजारो प्रेक्षकांसमोर नाटक उभे राहावयाचे. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांना या मुलखाच्या नाट्यवेडाची वार्ता लागली. या नाटकांना गाणे हवेच, आणि पूर्वी जेथे पेटी-तबल्यावर भागत असे तेथे आता ऑर्गन, ढोलकी आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काडीने वाजवावयाची आठ खणांची विजेवरची पाटी, यांवाचून भागत नाही. लग्नसराईत वाजणाऱ्या धुमाल वाद्यपथकांची कथा तर याहूनही बुलंद.

ही सर्व वाद्ये मैदानासाठी आणि तालीम मात्र दहा बाय बाराच्या खोलीत, असा हा विसंगतीचा संसार आहे. त्यात मुद्रण कशासाठी करावयाचे हे प्रथम निश्चित केले पाहिजे. विकण्याजोगी ध्वनिफीत तयार करणे हा येथे हेतू नाही. कोणत्या प्रवेशानंतर गाण्याची लय सुटली, कोणी सम चुकवली, लावणीच्या उठावणीत ऑर्गन उशिरा आला की ढोलकी लवकर आली, याची निर्विवाद रुजवात व्हावी, एवढेच पुरे. हेतू इतका मर्यादित ठेवला म्हणजे खर्चही मर्यादित राहतो. आणि या प्रकरणात पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचा मथितार्थ इतकाच की, माइक विकत घेण्याआधी माइकची जागा ठरवावी, कारण लहान खोलीत जे काम जागा करते ते पैसा करू शकत नाही.

२. मोठा म्हणजे किती मोठा?

आवाजाची थोरवी मोजण्याचे एकक डेसिबल होय. याचा हिशेब वरवर बेरजेचा दिसतो, परंतु त्याच्या पोटात गुणाकार दडलेला असतो: दर दहा डेसिबलांना ध्वनीची शक्ती दसपट होते. दोन माणसांचे साधे बोलणे हातभर अंतरावरून सुमारे ६० डेसिबल भरते. लहान खोलीत ताशा, ढोलकी आणि ऑर्गनचा कर्णा एकदम रंगात आला म्हणजे ११० डेसिबलांपर्यंत मजल जाणे अशक्य नाही. फरक ५० डेसिबलांचा, म्हणजे पाच वेळा दहापट, म्हणजे १,००,००० पट शक्ती.

गंमत अशी की कानाला हा लाखपट फरक लाखपट वाटतच नाही. दर दहा डेसिबलांना आपल्याला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा भासतो. तेव्हा पाच वेळा दुप्पट, म्हणजे अवघा बत्तीसपट. निसर्गाने कानाला ही जी सवलत दिली आहे तिच्या बळावर आपण कुजबूजही ऐकतो आणि ढोलही सोसतो. मोबाइलमधील माइकला अशी सवलत नाही. तो बोलण्यासाठी घडवलेला, आणि आपण त्याच्यापुढे ताशा वाजवतो.

यात आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. मैदानात निघालेला आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबलांनी उतरतो, आणि माडिया-गोंड गावांत रेला नाचाच्या वेळी घुमणारे ढोल रात्री दूरवर गोड वाटतात याचे अर्धे श्रेय त्या मोकळ्या अंतराला आहे. खोलीत मात्र निघालेला प्रत्येक आघात चार भिंती, जमीन आणि छत यांवर आपटून पुनःपुन्हा परततो. याचा विचार पुढे सविस्तर करू. तूर्त माइकचीच तक्रार ऐकून घेऊ.

३. आवाज फाटतो तो कोठे?

माइकमध्ये एक सूक्ष्म पडदा असतो; हवेच्या दाबाने तो हलतो आणि त्या हालचालीचा विजेत अनुवाद होतो. पुढे यंत्र त्या विजेचे क्षणोक्षणी मोजमाप करून अंक लिहून ठेवते. या प्रत्येक टप्प्याला एक कमाल मर्यादा असते. मोबाइलमधल्या चिमुकल्या माइकांची मर्यादा साधारण १२० डेसिबलांच्या आसपास असते, आणि सरासरी १०५ डेसिबलांच्या वादनात ताशाच्या काडीचा एकेक आघात क्षणमात्र तिच्याही वर उसळी घेतो. धान मोजताना पायली काठोकाठ भरल्यावर वर ओतलेले दाणे जमिनीवर सांडतात, आणि मागाहून पायली कितीही जपून उचलली तरी ते मापात येत नाहीत. मर्यादेबाहेरचा आवाज तसाच सांडतो. मागाहून संगणकावर आवाज लहान केला म्हणून फाटलेला भाग सांधला जात नाही, तो फक्त लहान आवाजात फाटलेला ऐकू येतो.

सांडल्याने नुसती घट झाली असती तरी एक वेळ चालले असते. परंतु ध्वनितरंगाचा गोल माथा असा सपाट छाटला गेला की मूळ वादनात नसलेले नवे उपस्वर त्यातून जन्माला येतात. आपल्या चर्मवाद्यांवर हा अन्याय विशेष होतो. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे मात्र ते सुसंवादी होतात आणि म्हणून त्या वाद्यांना निश्चित सूर लाभतो, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली आणि १९३४ साली अधिक विस्ताराने प्रसिद्ध केली. नामांकित भौतिकशास्त्रज्ञाला ज्याचे कोडे पडावे असे हे सूक्ष्म कौशल्य; आणि आपण मोबाइल ढोलकीच्या तोंडाशी ठेवून एका रात्रीत त्याची माती करतो!

दुसरा दोष मोबाइलच्या अतिशहाणपणाचा आहे. बोलणाऱ्याचा आवाज कमी-जास्त झाला तरी ऐकणाऱ्यास तो सारखा लागावा म्हणून त्यात एक स्वयंचलित नियंत्रण बसवलेले असते; मोठा आवाज आला की ते सर्वच आवाज दाबते आणि शांतता झाली की सर्वच आवाज वर उचलते. परिणामी ढोलकीचा ठोका पडताक्षणी गायकाचा शब्द खाली बसतो, आणि ठोका ओसरताच ऑर्गन उगाचच पुढे येतो. तालमीतील उणेअधिक पारखण्यासाठीच जे मुद्रण करावयाचे, त्यातच यंत्र स्वतःचे उणेअधिक मिसळते, तेव्हा निवाडा कसा व्हावा? म्हणून मुद्रणाचे असे उपयोजन घ्यावे ज्यात हे नियंत्रण बंद करण्याची व आवाजाची पातळी हाताने ठरविण्याची मुभा आहे. मोबाइलसाठी अशी उपयोजने फुकटही मिळतात, आणि खिशात मावणाऱ्या स्वतंत्र मुद्रणयंत्रांत तर ही सोय बहुधा असतेच.

पातळी ठरविण्याची रीत सोपी आहे. यंत्राच्या मापकावर सर्वांत वरची खूण शून्य डेसिबलांची असते आणि बाकी सर्व आकडे उणे असतात. तालमीतील सर्वांत जोरकस गाणे आधी वाजवावयास सांगावे आणि त्याचा उंचातला उंच आघात उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. चाचणीच्या वेळी वादक जितक्या जोराने वाजवतो त्याहून प्रत्यक्ष रंगात आल्यावर तो नेहमीच अधिक जोराने वाजवतो, हा मनुष्यस्वभाव असल्याने ही बारा डेसिबलांची शिल्लक लागतेच. यात गुणवत्ता वाया जाते काय, अशी शंका येणे साहजिक आहे, म्हणून हिशेबच करून पाहू. सोळा बिटांच्या मुद्रणात आवाजाच्या मापनाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात आणि दर सहा डेसिबलांना एक बिट खर्ची पडतो. बारा डेसिबल खाली राहिलो म्हणजे दोन बिट गेले, उरल्या चौदा बिटांच्या १६,३८४ पायऱ्या. तालमीच्या कामाला त्या भरपूर झाल्या, आणि चोवीस बिटांची सोय असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. अलीकडे ‘पातळी ठरवूच नका’ असे सांगणारी बत्तीस बिटांची यंत्रेही आली आहेत. ती अंकांचा टप्पा सांभाळतात हे खरे, पण माइकचा पडदाच जर मर्यादेबाहेर गेला असेल तर तीही निरुपाय होतात.

४. खोलीही वाजते

आता मुख्य आरोपीकडे वळू. तालमीचे मुद्रण बिघडते त्यात माइकचा दोष असतो त्याहून कितीतरी अधिक दोष खोलीचा असतो, आणि तो लक्षात येत नाही याचे कारण आपले दोन कान व मेंदू मिळून खोलीचा बराचसा गलका नकळत वगळून ऐकतात. माइक काहीच वगळत नाही.

आवाज थांबल्यानंतरही भिंतींवरून परतणाऱ्या लाटांमुळे तो काही काळ रेंगाळतो, त्यास अनुरणन म्हणतात. याचे पहिले शिस्तशीर मोजमाप १८९५ सालापासून हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाने केले. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, आणि वक्त्याचे पुढचे शब्द मागच्या शब्दांत बुडून जात. सबाइनने काय करावे? रात्री सामसूम झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणाव्या, त्या व्याख्यानगृहात मांडाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी आणि तिचा नाद विरेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा. मग आणखी गाद्या आणाव्या, पुन्हा मोजावे. त्यातून जो नियम हाती आला त्यावर आजही सभागृहे बांधली जातात. नियमाचा आशय असा: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका आवाज अधिक रेंगाळतो, आणि खोलीतील मऊ, आवाज गिळणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो लवकर विरतो. ध्वनिशास्त्राचा पाया उसन्या गाद्यांवर घातला गेला, ही गोष्ट काटकसरीने काम करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आपल्या खोलीस हा नियम लावून पाहू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच, सिमेंटचा गिलावा, फरशी आणि वर स्लॅब. घनफळ ३४ घनमीटर. गुळगुळीत गिलावा आपल्यावर पडलेल्या आवाजाचा शेकडा तीन इतकाच भाग गिळतो, आणि आत बसलेली चार माणसे आपल्या अंगाने व कपड्यांनी जवळजवळ सर्व भिंतींइतकाच आवाज गिळतात. सर्व हिशेब केला म्हणजे अनुरणनाचा काळ सुमारे १.४ सेकंद येतो. अशा खोलीत माइक वाद्यापासून २८ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीहून थोडा अधिक दूर गेला, की वाद्याच्या थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला गलकाच त्यात जास्त भरू लागतो. कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलेल्या मोबाइलला ढोलकी ऐकूच येत नाही, त्याला खोली ऐकू येते, असे म्हटले तरी चालेल.

आता याच खोलीत बारा चौरसमीटर, म्हणजे सुमारे एकशे तीस चौरसफूट जाड गोधड्या, दुलया आणि दुमडलेल्या सतरंज्या भिंतींवर टांगा. मधल्या व उंच स्वरांचा निम्मा आवाज त्या गिळतील असे धरले, तर अनुरणन अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरते आणि ती २८ सेंटिमीटरांची मर्यादा सुमारे ४५ सेंटिमीटरांवर जाते. वितीचा हात झाला. आणि खर्च? घरोघरीच्या अडगळीतील गोधड्या, वर खिळे आणि सुतळी. त्यातही एक युक्ती अशी की गोधडी भिंतीला चिकटवून न लावता चार बोटे पुढे टांगावी. मधल्या हवेमुळे ती जरा खालचे स्वरही गिळू लागते. बांबूला ज्या जिल्ह्यांत तोटा नाही तेथे त्याच्या चौकटी करून त्यांवर दुलया ताणल्या तर त्या भिंतीपासून हव्या तेवढ्या दूर उभ्या करता येतात आणि तालीम संपल्यावर उचलून ठेवता येतात. धानाच्या तणसाचे भारे रचण्याचा मोह या भागात कोणालाही होईल, आणि आवाज गिळण्यात तणस कमी पडत नाही हेही खरे. पण विजेच्या तारा लोंबत असलेल्या बंद खोलीत तणस भरणे म्हणजे आगीला आवतण देणे होय, म्हणून त्या मार्गाला जाऊ नये. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीवर चिकटविण्याची जी पद्धत सर्वत्र प्रसिद्ध आहे, तिचा उपयोग तिच्या प्रसिद्धीच्या मानाने फारच थोडा.

खर्जाचे प्रकरण वेगळे आहे, कारण गोधडीला तो जुमानत नाही. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी लाट नेमकी मावते तो आवाज तेथे अकारण फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर; बारा फुटांच्या लांबीत मावणारा असा स्वर सेकंदास ४७ आवर्तनांचा, आणि दहा फुटांच्या रुंदीत मावणारा ५६ आवर्तनांचा. आमच्या उदाहरणात उंचीही दहाच फूट आहे, म्हणजे रुंदी व उंची दोन्ही मिळून एकाच स्वराला फुगवतात; ऑक्टोपॅडवरचा खर्जाचा ठोका अशा खोलीत ‘घुम्म’ करून सर्वांना गिळतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली खोली याबाबतीत सर्वांत वाईट. हा फुगवटा कोपऱ्यांत सर्वाधिक असतो आणि खोलीच्या ऐन मध्यावर तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून माइक कोपऱ्यातही नको आणि नेमका मध्यावरही नको, लांबीच्या साधारण एकतृतीयांशावर असावा.

येथे एक उलटे सत्य सांगितले पाहिजे. गावात ज्याच्याकडे स्लॅबचे नवे घर असते त्याची खोली तालमीसाठी मानाने निवडली जाते. मुद्रणाच्या दृष्टीने पाहता कुडाच्या भिंतींचे, कवेलूंच्या छपराचे जुने घर पुष्कळदा सरस ठरते. कवेलूंच्या फटींतून आणि कुडाच्या लवचीक भिंतींतून खर्ज बाहेर निसटतो, शेणाने सारवलेली खडबडीत जमीन फरशीइतका आवाज उलटा फेकत नाही, आणि उतरते छप्पर समोरासमोरच्या पृष्ठभागांची जोडीच मोडून टाकते. जो खर्ज बाहेर निसटतो तो शेजाऱ्याच्या कानी पडतो, हा मात्र त्यातला तोटा.

५. बैठक

खोली थोडी शांतवल्यावर प्रश्न येतो तो कोणाला कोठे बसवावे याचा, आणि त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात तेथील एका हॉटेलच्या खोलीत त्याने गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्याच्यापाशी विजेवर चालणारा माइक नव्हता. एक मोठा कर्णा आणि त्याच्या टोकाशी मेणाच्या तबकडीवर रेघ ओढणारी सुई, एवढाच सरंजाम. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. तोवर कोणाचा आवाज किती उमटावा याचा बंदोबस्त फक्त अंतराने करावा लागे. गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी, नाजूक वाद्ये त्याच्या लगत, आणि मोठ्या आवाजाची वाद्ये मागे. एका माइकवर तालीम मुद्रित करणारा मनुष्य नेमका त्याच परिस्थितीत असतो.

तालमीची नेहमीची बैठक ही एकमेकांकडे पाहण्याच्या सोयीने झालेली असते. मुद्रणासाठी ती माइकच्या सोयीने बदलावी. माइक मध्ये कल्पून गायकाला एका हातावर, ऑर्गनचा कर्णा दोन हातांवर आणि ताशाला शक्य तितक्या दूर, गोधडीच्या भिंतीला पाठ लावून बसवावे. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. तेव्हा एका हातावरच्या गायकाच्या मानाने चार हातांवरच्या ताशाला बारा डेसिबलांची कात्री लागावी. लागावी असे म्हटले, लागते असे नव्हे, कारण हातभर अंतरापलीकडे भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचे राज्य सुरू होते हे आपण नुकतेच पाहिले; प्रत्यक्षात त्या बाराचे सुमारे तीनच पदरी पडतात. उरलेली कसर वाजविण्यातच भरून काढावी लागते. ताशावर पातळ रुमाल टाकावा, ऑर्गन व ऑक्टोपॅडची पातळी उतरवावी, आणि नियम असा करावा की ज्याचा आवाज यंत्राने कमी करता येत नाही अशा वाद्याच्या, म्हणजे ढोलकीच्या, मानाने बाकी सर्वांनी आपली पातळी ठरवावी. ही सूचना वादकांना रुचत नाही. खोलीत प्रत्येकाला स्वतःचे वाद्य कमी ऐकू येते असे वाटत असते, म्हणून एक जण पातळी वाढवतो, त्याला उत्तर म्हणून दुसरा वाढवतो, आणि अर्ध्या तासात सर्वांना पुन्हा पूर्वीइतकेच कमी ऐकू येऊ लागते.

माइक टांगण्याची जागा डोक्यांच्या थोडी वर, पाच-सहा फुटांवर असावी, म्हणजे एखाद्याची पाठ किंवा ऑर्गनचा स्टँड मध्ये येत नाही; परंतु छताच्या नेमक्या अर्ध्या उंचीवर तो येऊ देऊ नये. पुढून ऐकणारा व मागून बधिर असणारा जो सामान्य माइक असतो त्याची पाठ ताशाकडे करावी. मग एकच गाणे मिनिटभर मुद्रित करून ऐकावे, माइक हातभर सरकवून पुन्हा ऐकावे. या खटपटीत अर्धी संध्याकाळ जाते हे कबूल; पण जागा एकदा सापडली की खिळा ठोकून ठेवता येतो.

६. माइक कोणता?

या विषयावर लोक रात्रभर वाद घालतात, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. बाजारात दोन प्रमुख जाती आहेत. एकीत चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते. हा माइक दणकट, विजेविना चालणारा आणि मोठ्या आवाजाला न डगमगणारा. गावातील मंडळांपाशी सूत्रसंचालनासाठी जो हातातला माइक असतो तो बहुधा याच जातीचा, आणि तालमीच्या कामाला तो उत्तम. दुसरीत पातळ भारित पडदा असतो. बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली या जातीचा स्वस्त अवतार तयार केला आणि तेथून तो कोट्यवधी उपकरणांत शिरला. तो अधिक बारकाईने ऐकतो, परंतु लहान खोलीत ती बारकाई भिंतींच्या गलक्यालाही लागू होते. मंडळापाशी पहिल्या जातीचा माइक आधीच असेल, तर नवीन खरेदीत पैसे घालू नयेत.

७. दोन वाहिन्यांची युक्ती

ज्या मंडळांपाशी लहानसा मिक्सर आहे, त्यांना वाटते की मिक्सरमधून थेट तार काढून मुद्रणयंत्रात घातली की काम झाले. तसे केलेले मुद्रण ऐकावे तर त्यात गायक आणि ऑर्गन स्वच्छ, पण ढोलकी जणू शेजारच्या गावात वाजते आहे! कारण उघड आहे: लहान खोलीत ढोलकीला माइक लावण्याची गरज पडत नाही, म्हणून ती मिक्सरमध्ये येतच नाही. याउलट खोलीतल्या एकट्या माइकमध्ये ढोलकी भरपूर आणि शब्द अपुरे. दोघांतही जे उणे ते एकमेकांपाशी आहे.

मुद्रणयंत्राला डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात. डावीत मिक्सरची तार द्यावी, उजवीत खोलीतला माइक. दोन्हींची पातळी वेगवेगळी ठरवावी. पुढे संगणकावर ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत या वाहिन्या सुट्या करून हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. एकच दक्षता: मिक्सरमधून वीज तत्क्षणी येते, पण हवेतून येणारा आवाज मीटरमागे सुमारे तीन सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. माइक तीन मीटरांवर असेल तर नऊ सहस्रांश सेकंदांचा हा विलंब गायकाच्या आवाजाला पोकळपणा आणतो. तेवढी एक वाहिनी मागे-पुढे सरकवली की तो जातो. सबंध प्रकरणात इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा लाभ देणारी दुसरी तजवीज मला ठाऊक नाही.

८. पंखा, वीज, शेजारी आणि कान

भाद्रपद-आश्विनात या भागात हवा अशी कुंद असते की पंखा बंद करा म्हणणाऱ्याला खोलीबाहेर जावे लागेल. सुदैवाने तसे म्हणण्याची गरजही नाही. पंख्याचा आवाज ५० डेसिबल आणि वादन १००. त्यात पंखा कोणाच्या खिजगणतीत नसतो. मात्र पंख्याचा वारा सरळ माइकच्या पडद्यावर आला तर जी घरघर उमटते ती काही केल्या निघत नाही, म्हणून माइक झोताबाहेर ठेवावा व त्याला स्पंजची टोपी घालावी. याच कुंद हवेत कातडे सैल पडते आणि ढोलकी ऑर्गनच्या सुरावरून हळूहळू खाली घसरते. वादकाला ते तत्क्षणी जाणवत नाही, मुद्रणात मात्र तासाभराने स्पष्ट दिसते. विजेच्या जोडणीत अर्थिंग नीट नसेल तर सेकंदास ५० आवर्तनांची गुणगुण सर्वत्र शिरते. मुद्रणयंत्र सेलवर चालवावे आणि मोबाइल वापरत असल्यास त्याचे फोनचे कार्य बंद ठेवावे.

शेजाऱ्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलांची मर्यादा आहे. गोधड्या खोलीतले अनुरणन मारतात, आवाज बाहेर जाणे थांबवीत नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. कवेलूंच्या घरात तालीम असेल तर ती रात्री दहापूर्वी आटोपणे एवढाच मार्ग उरतो.

कानांचेही ऐकावे. कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलांत दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलांना निम्मा वेळ: ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा, १००ला पंधरा मिनिटे. आपली तालीम दोन-तीन तास चालते. फोमचे बोळे फार महाग नसतात, आणि ते घातल्याने ताल चुकत नाही.

९. ऐकणे आणि जपणे

मुद्रण त्याच रात्री ऐकू नये. मोठ्या आवाजाने थकलेले कान भलते निवाडे देतात. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकावे आणि कोणत्या मिनिटाला काय बिघडले याची नोंद वहीत करावी, म्हणजे पुढच्या तालमीत वाद न घालता थेट त्या जागेवर जाता येते. दोन वाहिन्यांचे, सोळा बिटांचे, असंकुचित मुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. बत्तीस गिगाबाइटांच्या एका कार्डावर सुमारे पन्नास तासांची तालीम मावते. प्रत्येक फाइलला तारीख व नाटकाचे नाव तेव्हाच द्यावे, कारण नावाशिवायच्या फाइली सहा महिन्यांनी कोणालाही ओळखता येत नाहीत.

मंडळातील सर्वांना ऐकवावयाचे तर मूळ फाइल पाठविण्याचा आग्रह धरू नये. १२८ किलोबिटांच्या एमपी-थ्रीत तीच तासाभराची तालीम ५८ मेगाबाइटांत बसते आणि चुका ओळखण्यापुरती ती स्वच्छ असते. भामरागड, एटापल्लीकडील आतल्या गावांत जेथे मोबाइलचे जाळे धड पोहोचत नाही, तेथे राहणाऱ्या वादकाला तिकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती दुसरे कार्ड पाठवावे आणि पहिले परत मागवावे. दोन कार्डे फिरती ठेवली की हा कारभार हंगामभर चालतो.